दीड मिनिटात तीन आवाज: बाखचा सी मायनर फ्यूग ऐकायचा कसा

आजचा भाग ज्या तुकड्यावर आहे तो जेमतेम दीड मिनिटाचा आहे, आणि तो उलगडायला मला वीसेक मिनिटं लागणार आहेत. प्रमाण जरा विचित्र आहे, मान्य. पण एका रीलएवढ्या वेळात एक माणूस तीन जणांना एकाच वेळी बोलायला लावतो, कुणालाही गप्प करत नाही, आणि तरी गोंगाट होत नाही. हे जमतं कसं, ते आज बघायचंय.

तुकड्याचं नाव: योहान सेबास्टियान बाख, ‘वेल टेम्पर्ड क्लॅव्हियर’, भाग पहिला, फ्यूग क्रमांक २, सी मायनर. बाखच्या कामांची जी यादी आहे त्यात बीडब्ल्यूव्ही ८४७. यूट्यूबवर एवढं टाकलंत तरी ढीगभर सापडेल. त्याच्या आधी एक प्रील्यूड असतो, धडधड मशीनसारखा वाजणारा. तोही भारी आहे, पण आज तो ओलांडून पुढे जाऊ.

(इथे फ्यूग सलग एकदा वाजतो.)

पहिल्यांदा ऐकलंत तर बहुतेक असं वाटलं असेल की छान आहे, पण चाललंय काय? ते साहजिक आहे. आपले कान एका चालीला पकडायला सरावलेत. गाणारा एक, मागे तानपुरा, बाजूला तबला. सिनेमाचं गाणं घेतलं तरी चाल एक आणि बाकी सगळं तिच्या सोयीसाठी. फ्यूगमध्ये ही सोय नाही. इथे तीन चाली आहेत आणि तिघींचा मान सारखाच.

फ्यूग हा शब्द लॅटिन ‘फुगा’वरून आला. अर्थ पळणं, पाठलाग. इंग्रजी शाळांमध्ये वर्गाचे तीन गट करून एकच गाणं मागेपुढे सुरू करायला लावतात, आठवतंय? पहिला गट दुसऱ्या ओळीवर पोचला की दुसरा गट पहिली ओळ धरतो. त्याला कॅनन किंवा राउंड म्हणतात. फ्यूगची सुरुवात तशीच वाटते, पण फरक मोठा आहे. राउंडमध्ये मागचा पुढच्याची शेवटपर्यंत नक्कल करतो. फ्यूगमध्ये प्रत्येकानं एक ठरलेलं वाक्य म्हणायचं असतं, आणि ते म्हणून झालं की पुढे काय बोलायचं ते त्या त्या आवाजाचं. वाक्य सगळ्यांचं एक, संभाषण मात्र खरं.

त्या वाक्याला ‘सब्जेक्ट’ म्हणतात. आपण विषय म्हणू.

विषय वीस स्वरांचा आहे

सी म्हणजे आपली पेटीवरची पांढरी एक. पांढरी एकला सा धरा आणि हे म्हणून बघा, सावकाश:

सा नि सा प ध, सा नि सा रे प, सा नि सा रे म प ध प म ग.

ध आणि ग कोमल, नि शुद्ध. ज्यांनी थोडंफार शिकलंय त्यांच्या डोक्यात लगेच घंटा वाजेल: हे तर कीरवाणीचे स्वर! बरोबर. पाश्चात्त्य लोक याला हार्मोनिक मायनर म्हणतात. राग वगैरे अर्थातच नाही, बाखला राग माहीत असण्याचा प्रश्न नाही. पण तुमच्या कानाला हे स्वर परके नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

(इथे फक्त विषय वाजतो, दोनदा.)

आता तीन गोष्टी बघा. पहिली, विषय समेवर सुरू होत नाही. चार मात्रांचं एक आवर्तन धरलं, ज्याला तिकडे बार म्हणतात, तर समेवर शांतता आहे. अर्धी मात्रा गेल्यावर पहिला सा येतो. त्यामुळे पुढे कल्लोळातही विषय परत आला की एक छोटासा धक्का बसतो आणि कान टवकारले जातात.

दुसरी, ‘सा नि सा’ तीनदा येतं. विषयाला चेहरा त्यामुळे आहे. दोन मिनिटांत विसरू असं काही विषय म्हणून चालत नाही, कारण ऐकणाऱ्याला तो गर्दीत ओळखता आला पाहिजे.

तिसरी गोष्ट मला फार आवडते. ‘सा नि सा’ वर ठेवा आणि प्रत्येक वेळी खाली कुठे उतरतो ते बघा. पहिल्या वेळी ध. दुसऱ्या वेळी प. तिसऱ्या वेळी आधी म आणि सगळ्यात शेवटी ग. ध, प, म, ग. वरच्या बडबडीखाली एक दुसरी चाल गुपचूप जिना उतरतेय! म्हणजे एकच आवाज आहे पण तो दोघांचं नाटक करतोय. तीन आवाज सुरू व्हायच्या आधीच त्यानं एकाचे दोन केलेत.

तीन आवाज आत येतात

विषय आधी मधला आवाज म्हणतो, एकटाच. दोन बार. तिसऱ्या बारमध्ये वरचा आवाज येतो आणि तेच वाक्य म्हणतो, पण प पासून. याला ‘आन्सर’, म्हणजे उत्तर म्हणतात. यात एक बारकावा आहे. सरळ पाच स्वर वर सरकवलं असतं तर ‘सा नि सा प ध’चं ‘प, तीव्र म, प, रे, कोमल ग’ झालं असतं. बाख रे च्या जागी सा ठेवतो. एकच स्वर बदलला. का? सा ला उत्तर प, तर प ला उत्तर सा. घर कुठे आहे हे ऐकणाऱ्यानं इतक्या लवकर विसरू नये म्हणून. मी कोड लिहितो, म्हणून मला हे असं दिसतं: फंक्शन जसंच्या तसं चालवलं असतं तरी एरर आली नसती, पण पुढची सगळी स्टेट बिघडली असती. एका ओळीचा पॅच.

वरचा आवाज उत्तर देत असताना मधला गप्प बसलेला नाही. तो एक नवीन चाल धरतो: आधी भराभर खाली उतरणारी स्वरांची शिडी, मग सावकाश पावलं. याला काउंटरसब्जेक्ट म्हणतात, आपण प्रतिविषय म्हणू. विषय जिथे तुटक आहे तिथे हा सलग आहे. विषय थांबतो तिथे हा चालतो. दोघं एकमेकांच्या रिकाम्या जागा भरतात, म्हणूनच दोघंही ऐकू येतात.

सातव्या बारला खालचा आवाज, म्हणजे डावा हात, विषय घेऊन येतो. आता प्रतिविषय वरच्या आवाजाकडे गेला आणि मधल्याला आणखी एक, दुसरा प्रतिविषय मिळाला. तीन माणसं, तीन वाक्यं.

(इथे तिन्ही आवाज वेगवेगळे वाजतात, मग एकत्र. हेडफोन असेल तर मधला डाव्या कानात, वरचा उजव्या कानात आणि खालचा दोन्हीकडे ठेवलाय.)

हे वेगळे ट्रॅक मी एका मिडी फाइलमधून काढले. छोटी स्क्रिप्ट, फार काही नाही. पण सांगतो, हा तुकडा कित्येक महिने माझ्या ‘फोकस’ प्लेलिस्टमध्ये होता, कामाच्या मागे वाजत राहायचा, आणि तेव्हा मी त्यातलं काहीही ऐकलेलं नव्हतं. आवाज वेगळे केले त्या रात्री मी नुसता मधला ट्रॅक सात-आठ वेळा लावला. इतके दिवस ज्याला मी ‘भरणा’ समजत होतो ती स्वतंत्र गाता येईल अशी चाल निघाली.

पुढे विषय येत राहतो. अकराव्या बारला वरच्या आवाजात, पण काळी दोनच्या मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराच्या उजेडात. मग पंधराव्या बारला मधल्या आवाजात, पांढरी पाचमधून. विसाव्याला पुन्हा घरी. सव्विसाव्या बारच्या मध्यावर खालच्या आवाजात. एकोणतिसाव्याला शेवटचं, वर. एकूण आठ वेळा. मधल्या जागांना एपिसोड म्हणतात. तिथे विषय पूर्ण येत नाही. पण नवव्या बारपासून ऐका: वरचे दोघं विषयाचा नुसता पहिला तुकडा, ‘सा नि सा प ध’, चेंडूसारखा एकमेकांकडे फेकतात आणि खालचा आवाज प्रतिविषयाची शिडी उतरत राहतो. बाहेरून काहीच आणलेलं नाही. घरातल्याच सामानावर स्वयंपाक.

शेवट तर कमाल आहे. शेवटच्या तीन बारमध्ये खाली सा धरून ठेवलाय, आपल्या तानपुऱ्यासारखा, आणि त्यावर विषय शेवटचा येतो. आणि अगदी शेवटच्या स्वरसमूहात कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार! त्या काळी मायनरमधली रचना मेजरवर संपवायची पद्धतच होती, बाखचा शोध नाही. तरी दीड मिनिट कीरवाणीत राहिल्यावर तो ग लागतो तेव्हा खिडकी उघडल्यासारखं होतं.

सहापैकी पाच

आता थोडं गणित. विषय आणि दोन प्रतिविषय, एकूण तीन चाली. वर, मध्ये, खाली अशा तीन जागा. किती प्रकारे मांडता येतील? तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे सहा. पण संगीतात जागा बदलणं फुकट नसतं. जी चाल वर गोड लागते ती खाली नेली की स्वरांमधलं अंतर उलटं होतं आणि गोडाचं कडू होऊ शकतं. सा-प उलटलं की प-सा होतं, पंचमाचा चतुर्थ होतो, आणि चतुर्थ त्या काळच्या नियमांत खालच्या आवाजाबरोबर बेसूर धरला जायचा. म्हणजे तिन्ही चाली पहिल्यापासूनच अशा रचाव्या लागतात की कुणीही कुठेही बसला तरी चालेल. याला इनव्हर्टिबल काउंटरपॉइंट म्हणतात.

बाखनं असं केलंय. तिन्ही चाली एकत्र येतात त्या पाच जागा आहेत: बार ७, ११, १५, २० आणि २६. पाचही वेळा मांडणी वेगळी. सहावी त्यानं वापरलीच नाही.

मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या सहाव्यावर अडकलो. माझ्यासारख्यानं लूप लावून सहाच्या सहा काढल्या असत्या आणि डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंही असतं. बाखला पाचात काम झालं. विषय मध्ये, दुसरा प्रतिविषय वर आणि पहिला खाली, ही मांडणी त्यानं सोडून दिली, कारण त्या जागी तुकड्याला वेगळंच काही हवं होतं.

आमच्या ऑफिसात जेवताना हे सांगितलं तर एक जण म्हणाला, ‘हे सगळं रूल-बेस्ड आहे ना? मग एआयला दे, दहा सेकंदात शंभर फ्यूग काढेल.’ हा प्रश्न मी थट्टेवारी नेऊ शकत नाही. माझा पगार ज्या कामाचा येतो त्यातला चांगला मोठा भाग आता मशीन लिहितं, मी तपासतो. नियमांनी बांधलेलं काम माणसानं करण्यात काही उरलंय का, हा माझा रोजचा प्रश्न आहे, संगीतातला नाही.

गूगलनं २१ मार्च २०१९ ला बाखच्या वाढदिवसाचं डूडल केलं होतं. तुम्ही चाल टाकायची आणि मशीन बाखच्या ढंगात बाकीचे आवाज भरणार. मॉडेल बाखच्या ३०६ कोरालांवर शिकवलेलं होतं. कोराल म्हणजे चर्चमध्ये गायची साधी चार आवाजी भजनं म्हणा. मी तेव्हा त्यावर खूप वेळ घालवला. जे यायचं ते बहुतेक ऐकायला ठीक असायचं. पण ठीक असणाऱ्या दोन बारनंतर पुढे का जायचं, याचं कारण त्यात नसायचं. आज मशीनं त्याहून खूप पुढे गेलीत, उद्या आणखी जातील, ‘हे त्यांना कधीच जमणार नाही’ असलं विधान मी करणार नाही. माझं म्हणणं एवढंच की सी मायनर फ्यूगमध्ये नियम हे कुंपण आहे आणि खेळ आतला आहे. पाच मांडण्या काढणं हे नियमांचं काम. सहावी सोडणं, आणि एकोणतिसाव्या बारला सा धरून सगळ्यांना थांबवणं, हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

नोटीस पीरियड, आठवडे चार

आता माणसाकडे येऊ. बाख जन्मला १६८५ मध्ये, आयझेनाखला. दहा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघंही गेले आणि तो ओरड्रुफला थोरल्या भावाकडे राहायला गेला. भावानं कपाटात कुलपात ठेवलेली वही जाळीतून हात घालून काढायची आणि चांदण्यात नकलून घ्यायची, असं त्यानं सहा महिने केलं आणि मग पकडला गेला, अशी गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या लेखात आहे. त्या लेखात त्याच्या मुलाचा हात होता, म्हणजे गोष्ट घरातच सांगितली जात असणार.

१७१७ मध्ये तो वायमारच्या ड्यूककडे नोकरीला होता. संगीतप्रमुखाची जागा रिकामी झाली, ती याला न मिळता आधीच्याच माणसाच्या मुलाला मिळाली. (ओळखीचं वाटतंय?) इकडे क्योटनचा तरुण राजपुत्र लिओपोल्ड जास्त चांगली जागा द्यायला तयार होता. बाखनं राजीनामा मागितला. ड्यूक नाही म्हणाला. बाखनं जरा जास्तच आग्रह धरला, तर ड्यूकनं त्याला सरळ अटकेत टाकलं: ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. मग नाराजीनं सोडून दिलं. आपल्याकडचा एचआर यापुढे देवमाणूस वाटावा!

एर्न्स्ट लुडविग गेर्बर म्हणून कोशकार होता, त्यानं पुढे लिहून ठेवलंय की ‘वेल टेम्पर्ड क्लॅव्हियर’ बाखनं अशा ठिकाणी लिहायला घेतलं जिथे कंटाळा होता आणि वाद्य नव्हतं. काही जण हे त्या अटकेशी जोडतात. गोष्ट म्हणून झकास आहे, पुरावा मात्र नाही.

क्योटनमध्ये दिवस बरे गेले. तिथलं दरबारी चर्च कॅल्व्हिनपंथी, तिथे फार संगीत लागत नसे, त्यामुळे बाखला वाद्यसंगीताला वेळ मिळाला. जानेवारी १७२० मध्ये त्यानं नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमानसाठी, एक शिकायची वही सुरू केली. आपल्या संग्रहातले अकरा प्रील्यूड आधीच्या कच्च्या रूपात त्या वहीत आहेत, सी मायनरचाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात तो राजपुत्राबरोबर कार्ल्सबादला गेला. जाताना बायको मारिया बार्बारा धडधाकट होती. जुलैत परत आला तर ती वारलेली होती आणि दफनही झालेलं होतं. घरात चार मुलं.

या दुःखातून अमुक रचना जन्मली, असं लिहायचा लोकांना मोह होतो. मला ते पटत नाही, निदान या फ्यूगच्या बाबतीत नाही. त्यात रडं कुठेच नाही, उलट एक प्रकारचा टवाळपणा आहे. मला दिसतं ते वेगळं. पोराची वही थांबली नाही. दीड वर्षांनी त्यानं आना माग्डालेना या गायिकेशी लग्न केलं आणि १७२२ मध्ये चोवीस प्रील्यूड आणि चोवीस फ्यूगांची सुवाच्य प्रत तयार केली. मुखपृष्ठावर हेतू दिलाय तो अगदी घरगुती: शिकू इच्छिणाऱ्या तरुणांच्या उपयोगासाठी, आणि ज्यांना आधीच येतं त्यांच्या विरंगुळ्यासाठी. जगातलं एक थोर पुस्तक म्हणजे मुळात क्लासच्या नोट्स!

चोवीसच का, आणि ‘वेल टेम्पर्ड’ काय

पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पट्ट्या. प्रत्येकीवर मेजर आणि मायनर. बारा दुणे चोवीस. सोपं वाटतं, पण त्या काळी सगळ्या पट्ट्या वाजवण्याजोग्या लागतच नसत. कारण शुद्ध गणिती आहे. सा पासून प, त्या प ला सा धरून पुढचा प, असं बारा वेळा गेलात तर सात सप्तकं वरच्या सा वर पोचायला हवं. सा-प चं शुद्ध प्रमाण दीडपट. दीडचा बारावा घात १२९.७५ येतो. सप्तक दुप्पट असतं, दोनचा सातवा घात १२८. जुळत नाही! फरक साधारण पाव अर्धस्वराएवढा. हा निसर्गातला राउंडिंग एरर आहे आणि तो कुठे ना कुठे लपवावा लागतो. जुन्या पद्धतीत तो दूरच्या पट्ट्यांमध्ये ढकलत; जवळच्या पट्ट्या गोड आणि लांबच्या भेसूर. ‘वेल टेम्पर्ड’ म्हणजे एरर अशा बेतानं वाटायचा की चोवीसही वाजवता येतील. बाख नेमकं कसं लावायचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण आजच्यासारखं सगळीकडे काटेकोर समान वाटप म्हणजेच ‘वेल टेम्पर्ड’, हे समीकरण बरोबर नाही. आपल्याकडे पेटीवर जो राग होता, आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला बाहेर ठेवलं होतं, त्यामागचं एक कारण हीच तडजोड. दुसरं कारण अर्थात मींड.

आणि ‘क्लॅव्हियर’ म्हणजे पट्ट्यांचं कुठलंही वाद्य. बाखच्या घरी हार्प्सिकॉर्ड, क्लॅव्हिकॉर्ड असायचे. हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. मग विषय आला की वाजवणारा तो ‘मोठ्यानं’ म्हणू शकत नाही. शोधायचं काम ऐकणाऱ्याचं. पियानोवर मात्र वाजवणारे विषय अधोरेखित करतात, बऱ्याचदा इतका की बाकीचे दोघं नोकर वाटायला लागतात. मला ते आवडत नाही.

कुणाला हवं होतं हे

१७३७ मध्ये योहान आडोल्फ शायबे नावाच्या तरुण समीक्षकानं नाव न घेता पण सगळ्यांना कळेल असं लिहिलं की या माणसाचं संगीत फुगलेलं आणि गोंधळाचं आहे, फार कलाकुसरीनं त्याचं सौंदर्य झाकोळतं. आमच्या भाषेत, ओव्हर-इंजिनिअरिंग. काळ बदलत होता. लोकांना एक चाल आणि हलकी साथ हवी होती. बाख १७५० मध्ये गेला तेव्हा ‘आर्ट ऑफ फ्यूग’चा शेवटचा मोठा फ्यूग अपुरा होता. १७५१ मध्ये ते पुस्तक छापलं, आणि पाच वर्षांत तीसेक प्रती खपल्यावर मुलानं छपाईच्या तांब्याच्या पाट्या विकायला काढल्या.

‘वेल टेम्पर्ड क्लॅव्हियर’ तर १८०१ पर्यंत छापलंच गेलं नाही. जवळजवळ ऐंशी वर्षं ते हातानं नकलून फिरलं, शिष्याकडून शिष्याकडे. वर ज्या गेर्बरचं नाव आलं त्याचा बाप लाइपझिगला बाखचा विद्यार्थी होता. शिकवायचा मूड नाही असं निमित्त करून बाख स्वतः वाजवायला बसायचा, आणि असं त्यानं त्याला हे सगळं पुस्तक तीनदा ऐकवलं. ते तास बापाला आयुष्यातले सगळ्यात सुखाचे वाटत, असं मुलानं लिहिलंय. १७८३ मध्ये बॉनहून एक बातमी छापून आली की इथला बेथोव्हन नावाचा मुलगा या पुस्तकातलं बहुतेक सगळं वाजवतो. त्याच्या गुरूकडे, नेफेकडे, हस्तलिखित प्रत होती. जिथे प्रती पोचल्या तिथे लोक तयार होत गेले.

ऐकायचं कसं

प्लेलिस्टमध्ये टाकून दुसरं काम करू नका, एवढं एकदाच. दीड मिनिट आहे. पहिल्या खेपेला फक्त विषय मोजा, आठ सापडले पाहिजेत. दुसऱ्या खेपेला विषयाकडे दुर्लक्ष करा आणि ती उतरती शिडी धरा, ती कुणाकडून कुणाकडे जाते ते बघा. तिसऱ्या खेपेला फक्त खालचा आवाज. चौथ्या खेपेला काहीच ठरवू नका. नोटेशन येत नसेल तर स्टीव्हन मालिनोव्स्कीचे रंगीत पट्ट्यांचे व्हिडिओ आहेत. तोही आपल्यासारखाच सॉफ्टवेअरवाला, आणि पियानिस्ट. हार्प्सिकॉर्डवर वांडा लँडोव्स्का ऐका, पियानोवर ग्लेन गूल्ड किंवा रिख्टर. १९३०च्या दशकातलं एडविन फिशरचं रेकॉर्डिंग, हे या पुस्तकाचं पहिलं संपूर्ण रेकॉर्डिंग, खरखरीसकट सुंदर आहे.

हा जमला की पहिल्या क्रमांकाच्या सी मेजर फ्यूगकडे जा. तिथे चार आवाज आहेत आणि सत्तावीस बारमध्ये विषय चोवीस वेळा येतो, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरा सुरू. त्याला स्ट्रेटो म्हणतात. सी मायनरमध्ये ही युक्ती एकदाही नाही. आणि शेवटच्या, बी मायनर फ्यूगच्या विषयात बाराच्या बारा स्वर आहेत.

एक राहिलंच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी पाठवली, तिच्यात या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातला पहिला प्रील्यूड आणि फ्यूग आहे, गूल्डनं वाजवलेला. त्याच तबकडीवर आपल्या गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहां हो’. एकीकडे एकाच आवाजातून सगळं काढलेलं, दुसरीकडे एकाच वाक्यातून अनेक आवाज काढलेले, आणि दोन्ही शेजारी शेजारी चाललेत. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या. दुसरं यान उडून तेव्हा अकराच दिवस झाले होते.

तिन्ही आवाजांचे वेगळे ट्रॅक या भागाबरोबर जोडलेत, डाउनलोड करून घ्या. पुढच्या भागात फ्रेडरिक द ग्रेट आणि त्यानं म्हाताऱ्या बाखला घातलेलं कोडं. भेटू!